गॅलीतली चिकटपट्टी

संपादक महोदय,

टेक-ऑफआधी केबिन क्रू मांडीवरचा लॅपटॉप आत ठेवायला सांगतात, टेबल बंद करायला लावतात आणि प्रवासी कुरकुरतात. निवृत्त होईपर्यंत ही कुरकुर ऐकली, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी तक्रार पडद्यापलीकडची, गॅलीतली, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरातली आहे.

जेवणाने भरलेली मोठी ट्रॉली १०० किलोच्या आसपास जाते. तिला जागेवर धरतात तो चाकांचा ब्रेक आणि समोर आडवे फिरवलेले लाल लॅच, म्हणजे फिरत्या खिट्या. नुसत्या ब्रेकवर विसंबणाऱ्यांनी २१ मे २०२४ आठवावा. सिंगापूर एअरलाइन्सचं लंडनहून निघालेलं विमान म्यानमारवर हवेच्या तडाख्यात सापडलं. प्राथमिक तपासानुसार ०.६ सेकंदात त्यातला भार अधिक १.३५ ‘जी’वरून उणे १.५ ‘जी’वर गेला (एक ‘जी’ म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतका जोर). म्हणजे बांधलेलं नव्हतं ते सगळं छताकडे फेकलं जाणार. चाकंच जमिनीवर नसतील तर ब्रेक धरणार कशाला? पुढच्या दिशेचा हिसका याहून मोठा. आणीबाणीच्या लँडिंगसाठी प्रवासी विमानांच्या रचनेत तो ९ जी धरलेला असतो. १०० किलोची ट्रॉली तेव्हा ९०० किलोंच्या जोराने, म्हणजे एखाद्या लहान मोटारीच्या वजनाने, त्या इवल्याशा लॅचवर येते.

या लॅचची स्प्रिंग झिजली की तो कंपनाने आपोआप फिरतो. उपाय सगळ्यांना पाठ आहे: लॉगबुकात नोंद करा, कप्पा रिकामा ठेवा, वर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावा. मी मात्र पाहिलं ते लॅचमागे कोंबलेल्या कागदी नॅपकिनच्या घड्या आणि वरून मारलेली चिकटपट्टी. कारण उघड आहे. नोंद केली की इंजिनिअर येणार, विमान खोळंबणार आणि उशिराचा जाब क्रूला. चिकटपट्टीचा जाब कोणी विचारत नाही.

जागेवर नसलेल्या वस्तूंच्या धोक्यातून कॉकपिटही सुटत नाही. २०१४ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या व्हॉयेजर विमानात कॅप्टनचा कॅमेरा आर्मरेस्ट आणि साइडस्टिक (विमान वळवायची, वरखाली न्यायची बाजूची दांडी) यांच्यामध्ये आला. खुर्ची पुढे सरकताच कॅमेऱ्याने स्टिक दाबली आणि विमान ४,४०० फूट खाली कोसळलं. एवढासा कॅमेरा!

सदोष लॅच नोंदवल्यामुळे झालेला उशीर विमान कंपन्यांनी क्रूच्या नावावर मांडू नये. नियामकांच्या तपासनीसांनी सह्यांचे कागद चाळण्याऐवजी गॅलीत उभं राहून एकेक लॅच हाताने ओढून पाहावा. आणि ब्रेक न धरणारी ट्रॉली केटरिंगवाल्यांनी विमानात चढवूच नये. ती ओळखायला इंजिनिअर लागत नाही, पेडल दाबून एक धक्का दिला की कळतं.

आपली,
एक निवृत्त केबिन सुपरवायझर