प्लेट रिब्सच्या लेबलखाली बॅक रिब्स पाठवून परतावा नाकारल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: चुकीचा माल पाठवल्याबद्दल पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात मी आपल्याकडून चॉइस प्रतीच्या (अमेरिकी सरकारी प्रतवारीतील दुसऱ्या क्रमांकाच्या) बीफ प्लेट शॉर्ट रिब्सचे दोन रॅक, म्हणजे एकसंध जोडलेल्या बरगड्यांचे दोन तुकडे, मागवले आणि त्यांचे 130 डॉलर आगाऊ भरले. पेटी गुरुवारी, ठरल्या वेळी, आमच्या ह्यूस्टनच्या घरी पोहोचली आणि मांसही घट्ट गोठलेले होते, त्यामुळे पोहोचवण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पाकिटांवर हिम साचले होते, आतले नीट दिसत नव्हते. लेबलवर मात्र 'प्लेट शॉर्ट रिब्स' असे स्वच्छ छापलेले होते, म्हणून विश्वासाने मी ती तशीच फ्रिजमध्ये ठेवली. शनिवारी रात्री मीठ आणि भरड मिरी लावण्यासाठी पाकिटे फोडली, तेव्हा एकेका रॅकमध्ये सात-सात हाडे निघाली. प्लेट रिब्स म्हणजे सहावी, सातवी आणि आठवी बरगडी: तीन रुंद, लांब हाडे आणि त्यांच्यावर चरबीच्या रेघांचा मांसाचा जाड थर. आपण पाठवल्या त्या बॅक रिब्स, म्हणजे रिबआय (बरगड्यांवरचे मऊ मांस) कापून घेतल्यावर उरणारी बाकदार हाडे, ज्यांचे मांस बहुतेक दोन हाडांच्या मधल्या पट्टीतच असते. काही ठिकाणी तर वरचे मांस इतके खरवडून घेतलेले होते की बोट फिरवले की थेट हाडच लागत होते.

रविवारी मुलाच्या पदवीनिमित्त आठ जण जेवायला येणार होते. पहाटे पाचला पोस्ट ओक या ओक झाडाची लाकडे पेटवून 275 अंश फॅरनहाइटवर आठ-नऊ तास मंद धूर द्यायचा, आतले तापमान 203 च्या आसपास गेले आणि सळई लोण्यात शिरावी तशी शिरली की उतरवायचे, असा माझा बेत होता. इतका वेळ लागतो तो जाड मांसातले चिवट तंतू विरघळावेत म्हणून. इथे ते मांसच नव्हते. दुसरे काही आणायला वेळ नसल्याने मी आहे तेच धुरावर ठेवले आणि चार तासांतच कडा वाळून कडक झाल्या. पाहुण्यांपुढे ताट ठेवताना मला फार वाईट वाटले.

मी परतावा मागितल्यावर आपल्या विभागाने मला कळवले की प्लेट आणि बॅक या दोन्ही बीफ रिब्सच आहेत आणि गोठवलेला माल परत घेतला जात नाही. हे उत्तर मला मान्य नाही. मन बदलले म्हणून मी माल परत करत नाही. लेबलवर एक आणि पाकिटात दुसरेच, अशी माझी तक्रार आहे. चूक पॅकिंगच्या जागी झाली असेल, तर त्याच दिवशीची इतर पाकिटेही तशीच गेली असण्याची शक्यता आहे, आणि ती तपासणे आपल्याच हातात आहे.

लेबलचे आणि सात हाडांचे, मीठ लावण्यापूर्वी काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. 15 दिवसांत पूर्ण रक्कम माझ्या कार्डावर जमा करावी आणि विक्रीच्या पानावर प्रत्येक रॅकमधील हाडांची संख्या व बरगड्यांचे क्रमांक लिहावेत, ही विनंती.

आपला ग्राहक,
ह्यूस्टन, टेक्सस