पाठीवरचे मुरूम आणि तालमीतली पोरं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तालमीत टी-शर्ट घालून कुणी जोर मारत नाही. म्हणून गेल्या पंधरवड्यात आमच्या तालमीत पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून जोर मारणारं पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं दिसलं, तेव्हा बाकीचे हसले. माझ्या मात्र पोटात कालवलं. त्याच्या खांद्यामागे कापडाला चिकटून वाळलेले दोन पिवळट डाग होते. त्याच वयात मीही तसाच टी-शर्ट घालायला लागलो होतो आणि सहा महिन्यांत तालीम सोडून घरी बसलो होतो. त्या पोराला पाहिल्यापासून हे पत्र लिहायचं मनात होतं.

आपल्या पुरवणीत मुरमांवर लेख येतात. मी ते कापून ठेवायचो. सगळे चेहऱ्याबद्दल असायचे : बेसन, मुलतानी माती, तोंड दिवसातून किती वेळा धुवावं. माझा चेहरा तर स्वच्छ होता. भरली होती ती मानेखालून कंबरेपर्यंतची पाठ, दोन्ही खांदे आणि छातीचा मधला भाग. साध्या पुटकुळ्या नव्हेत, तर कातडीखाली खोल बसलेल्या हरभऱ्याएवढ्या, काही बोराएवढ्या गाठी. आठ-दहा दिवस ठणकायच्या आणि मग कधीतरी झोपेत फुटायच्या. तीन वर्षं मी पालथा झोपलो. सकाळी बनियन पाठीला चिकटलेलं असायचं. ओढलं की खपली निघून यायची. म्हणून आई तांब्यात कोमट पाणी घेऊन मागे उभी राहायची आणि कापड भिजवून बोटाबोटाने सोडवायची. एकदाही तिने तोंड वाकडं केलं नाही.

पण ही उष्णता आहे, असंच तिला वाटायचं. घरात गुलकंद आला, सब्जा आला, रक्त शुद्ध करणाऱ्या बाटल्या आल्या, आंबा बंद झाला. मी स्वतः पाठ काथ्याने घासून काढायचो, मळामुळे होत असेल म्हणून. "लग्न झालं की जातंय," असं गल्लीत सगळ्यांनी सांगितलं. सतरा वर्षांच्या पोराने यावर काय म्हणायचं?

वस्तादांना माती जीव की प्राण. हौद्यातली माती ते ताक, तेल, हळद घालून जपतात. कुणाच्या अंगावर नायटा दिसला तर त्याला खाली उतरू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कारण नायटा लागतो. माझी पाठ बघून ते म्हणाले, "काय उठलंय रं हे? दुसऱ्या पोरांना लागंल." मुरूम कुणापासून कुणाला लागत नाहीत, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. जोडीच्या पोराने विचारलं ते जास्त लागलं : "इंजेक्शनं मारतोस काय?" शरीर फुगवण्यासाठी जी हार्मोनची इंजेक्शनं घेतात, त्यांनी पाठीवर आणि खांद्यांवर असेच मुरूम उठतात, हे खरं आहे. मी कधीच घेतली नव्हती. पण ते सिद्ध कसं करणार? कुस्ती मारल्यावर लोक पाठ थोपटतात. मला ती थाप नकोशी झाली आणि हळूहळू कुस्तीही सुटली.

मग मी एका औषधाच्या दुकानात गेलो. शर्टची कॉलर जराशी ओढून दाखवली, तर त्यांनी काही न विचारता एक ट्यूब दिली. चार दिवसांत लाली उतरली, मला देव भेटल्यासारखं झालं. दोन महिने रोज लावली. बंद केली की दुपटीने उठायचे, म्हणून पुन्हा आणायचो. त्यात स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र होतं, हे नंतर कळलं. स्टिरॉइड मुरमांवर असं लावत राहिलं की कातडी पातळ होते आणि मुरूम उलट वाढतात. त्वचेला लावायची 14 स्टिरॉइड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम केंद्र सरकारने 2018 साली केला. मला ती ट्यूब मिळाली ती त्यानंतर, आणि तीही एकदा नव्हे, पाच वेळा. अन्न व औषध प्रशासनाने हे बघितलं पाहिजे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

विसाव्या वर्षी पोलीस भरतीला उतरलो. उंची 165 सेंटिमीटर हवी, छाती 79, फुगवून किमान 5 जास्त. धावण्याची भीती नव्हती, शर्ट काढायची होती. रांगेत पुढच्या-मागच्यांनी अंतर ठेवलं, ते मला कळत होतं. टेप पाठीवरून घेताना खांद्याच्या पात्याखालच्या गाठीवर आवळला गेला आणि मोजणारे "श्वास भर" म्हणाले. मी भरला आणि ती फुटली. टेपला रक्त लागलं. ते हवालदार मला काही वेडंवाकडं बोलले नाहीत. रुमालाने टेप पुसला आणि हळू आवाजात म्हणाले, "बाळा, कातडीच्या डॉक्टरला दाखव." इतक्या वर्षांत मला डॉक्टरकडे जा म्हणणारा तो पहिला माणूस.

सरकारी रुग्णालयात गेलो. दारावर पाटी होती, त्वचा व गुप्तरोग विभाग. ती वाचून मी पंधरा मिनिटं जिन्यात उभा राहिलो, गावातलं कुणी बघेल म्हणून. शक्य असेल तर या पाट्यांवर नुसतं "त्वचारोग" लिहा, किती पोरं-पोरी आत जातील!

आत डॉक्टर मॅडमनी पाच मिनिटांत समजावलं ते मला पाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना हार्मोनमुळे ती जास्त तेल सोडते, मेलेल्या पेशींनी तिचं तोंड बुजतं, आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. चेहऱ्यासारख्याच या ग्रंथी छाती-पाठीवरही भरपूर असतात. मळाशी याचा संबंध नाही, घासल्याने ते चिघळतात. दूध बंद कर, असं त्या म्हणाल्या नाहीत. डब्यातली प्रोटीन पावडर मात्र थांबवायला लावली, कारण काही जणांत तिने मुरूम वाढतात. आणखी एक सांगितलं : पाठीवर एकाच मापाच्या बारीक, खाजणाऱ्या पुळ्या असतील तर ती बुरशीही असू शकते आणि तिथे मुरमांच्या अँटिबायोटिकने उलट वाढ होते. वरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालत नाही.

आधी अँटिबायोटिक आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडने पाठ धुणं, असे तीन महिने गेले. (त्याने टॉवेलचा रंग उडतो. आमच्या घरचे दोन निळे टॉवेल ठिपक्याठिपक्यांचे झाले, तेव्हा पांढराच वापरा.) गाठी हटेनात, म्हणून मग आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळ्या. सात महिने, रोज जेवणानंतर. पहिल्या महिन्यात मुरूम वाढले, मी रडकुंडीला आलो. ओठ फाटले, आई तूप लावायची. मधूनमधून लिव्हर आणि चरबीची रक्ततपासणी. मन उदास राहतं का, झोप लागते का, हेही मॅडम दर वेळी विचारायच्या. औषध जबर आहे. बहिणींनी तर हे नीट ऐकावं : या गोळ्यांनी पोटातल्या बाळात गंभीर व्यंग येतं. गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावर किमान एक महिना दिवस जाता कामा नयेत. मैत्रिणीच्या पाकिटातली एकही गोळी घेऊ नका. पण योग्य हातात या औषधाने माझं आयुष्य परत दिलं. पाचव्या महिन्यात मी उताणा झोपलो. सकाळी आई तांब्या घेऊन आली आणि बनियन सुटं बघून तशीच उभी राहिली.

व्रण मात्र राहिले. छातीवर आणि डाव्या खांद्यावर जाड, चकचकीत केलॉइड, म्हणजे वाढून वर आलेले व्रण आहेत. त्यात स्टिरॉइडचंच इंजेक्शन देतात, आणि ते थोडे बसलेही आहेत. म्हणजे औषध वाईट नव्हतं, माझ्या हाती ते चुकीच्या जागी आणि चुकीच्या कामाला पडलं होतं. सतराव्या वर्षी दाखवलं असतं तर यातले बरेच व्रण पडलेच नसते, असं मॅडम म्हणाल्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं. मुरूम तोंडावर आले की घरचे, शेजारचे, सगळे बघतात. पाठीवरचे पोरगं लपवतं, आणि लपवता येतात म्हणूनच वर्षं जातात.

म्हणून आईवडिलांना, वस्तादांना, पी.टी.च्या सरांना माझी विनंती आहे. पोरगं अचानक अंघोळीनंतर उघडं फिरेनासं झालं, विहिरीवर पोहायला येईनासं झालं, उन्हाळ्यातही गडद शर्टच मागायला लागलं, तर त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारा. चारचौघांत नको. गाठी दुखत असतील, फुटत असतील, तर घरगुती उपायांत महिने घालवू नका.

त्या टी-शर्टवाल्या पोराला मी परवा तालमीच्या मागे नेलं आणि आधी माझा शर्ट काढला. तो माझी पाठ बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "दादा, हे बरं झालंय?" मी म्हटलं, बरं झालंय. त्यानंतर त्याने स्वतःहून टी-शर्ट वर केला. वस्तादांशीही बोललो आहे; त्याला हौद्यात उतरू द्यायला ते तयार आहेत. येत्या गुरुवारी ओपीडी आहे. त्याच्या आईने कामावर रजा टाकली आहे. मीही सोबत जाणार आहे.

(त्या मुलाची ओळख पटू नये, म्हणून माझं नाव आणि गाव कृपया छापू नये.)

आपला नम्र,
एक वाचक, वय 24
जि. कोल्हापूर