अभि, त्या लेटरबद्दल

प्रिय अभि,
सलाम. डबा मिळाला का? चटणी फ्रिजमध्ये ठेव. काल फोनवर मी जरा जास्तच बोलले, पण तू कट केलास तेही बरं नाही. म्हणून लिहितेय. लेटरचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलेय.

स्नेहल म्हणत होती की आता जॉइनिंग झाल्यावरपण व्हेरिफिकेशन करतात, यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, टाकला की कुठे कधीपासून पीएफ भरला ते सगळं दिसतं, आणि तुझ्या त्या कन्सल्टन्सीने पैसे घेऊन दोन वर्षांचं खोटं एक्स्पीरियन्स लेटर दिलं, सॅलरी स्लिपा दिल्या, पण पीएफ कुठून आणणार? बघ, काढलाच विषय.

तू म्हणतोस सगळेच करतात, रूमवरचे तिघंही असेच लागलेत. लागले असतील रे. पण आठव, चर्चमध्ये दृढीकरणाच्या क्लासला तूच पाळकसाहेबांना विचारलं होतंस, बायबलमधल्या हनन्या-सप्पीरा नवरा-बायकोने स्वतःचीच जमीन विकून थोडे पैसे मागे ठेवले तर त्यात मरण्यासारखं काय होतं? पोरं हसली. साहेबांनी तुलाच प्रेषितांच्या कृत्यांचा पाचवा अध्याय मोठ्याने वाचायला लावला. प्रेषित पेत्र तेच तर म्हणतो ना, जमीन तुझी होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. ठेवले असते तर कुणी विचारलं नसतं. सगळे प्रेषितांना आणून दिलेत असं दाखवलं, तिथे चुकलं. घरी येऊन तू अर्धी चपाती हातात धरून हे पप्पांना समजावत होतास आणि ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करत होते.

फ्रेशर असणं पाप नाही बाळा. कोर्स केलास, रात्र रात्र त्या लॅपटॉपपुढे बसलास, चहा मीच करून दिलाय. ते सांगायला लाज कसली? लाज त्या शिक्क्याची वाटायला पाहिजे. झालं, परत लेक्चर. सॉरी.

पप्पा साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर होते तेव्हा तू लहान होतास. गाडीमागे थोडं कमी मांडा असं वरून आलं, ह्यांनी मांडलं नाही, ऐन सीझनमध्ये गोडाऊनला टाकलं. नीतिसूत्रातलं खोट्या तराजूचं वचन वगैरे कुणाला ऐकवलं नाही, गप डबा घेऊन गोडाऊनला गेले. ओव्हरटाइम बंद, तुझी फी तोंडावर, मी खूप भांडले. अजूनही वाटतं, जरा गोडीत नाही म्हणता आलं असतं. पण त्याआधी मी डबा द्यायला जायचे तेव्हा बघितलंय, पप्पांची शिफ्ट लागेपर्यंत काही शेतकरी बैलगाडी लायनीतून बाजूला घ्यायचे, बैल सोडून थंडीत पाचट पेटवून बसायचे. दुसऱ्याच्या हाताने वजन नको म्हणून. त्यांचाच मुलगा आहेस तू, म्हणून जास्त लागतं मला.

नोकरी जाईल ह्याची भीती आहेच, खोटं कशाला बोलू. पण रात्री झोप उडते ती दुसऱ्याच गोष्टीने. याकोबाने केसाळ मोठा भाऊ वाटावा म्हणून हाताला करडांची कातडी बांधून आंधळ्या बापाला फसवलं ना, आयडिया त्याच्या आईची, रिबकेची होती. आशीर्वाद मिळाला. पण लगेच घर सोडून पळावं लागलं, आणि ती मायलेकरं परत भेटल्याचं शास्त्रात कुठे येत नाही. तू आताच दोन महिने घरी आला नाहीस. विचारलं की काम आहे म्हणतोस. फोनवर आवाजही वेगळा लागतो तुझा. कामच असतं ना रे?

एचआरला तू स्वतः सांग. त्यांनी काढलं तर घरी ये, बघू. स्नेहल म्हणते नगरमध्येपण फ्रेशर घेतात, पगार कमी देतात.

आणि एक. पप्पांना मी अजून काही सांगितलं नाही. रविवारी उपासनेहून येताना ते विचारतातच, अभिचं काय चाललंय. फार तर गप्प बसेन, पण त्यांनी खोदून विचारलं तर सांगून टाकणार. त्यामुळे शनिवारच्या आत तूच फोन कर त्यांना. संध्याकाळी कर, दुपारी झोपमोड झाली की चिडतात.

मम्मी