पाळणाघराला गल्लीतच जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवासी ले-आउटमधील व्यावसायिक वापर बंद करा, ही मागणी नागपुरात अधूनमधून उठत असते. शेजारच्या बंगल्यात कोचिंग क्लास किंवा कॅफे सुरू झाल्यावर ज्यांच्या फाटकासमोर रात्रीपर्यंत गाड्या लागतात, त्यांचा संताप मला कळतो. पण या मागणीत पाळणाघरांनाही त्याच काठीने हाकले जाते आणि त्याविरुद्ध कुणी बोलत नाही. बोलणार कोण? ज्यांची मुले तिथे असतात त्या बाया दिवसभर कामावर असतात.

मी रामदासपेठेतील एका खासगी रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. यजमान बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घरापासून चार घरे सोडून एक काकू स्वतःच्या तळमजल्यावर आठ-नऊ मुले सांभाळतात. हाताखाली एक मदतनीस बाई. काकू सकाळी साडेसातला दार उघडतात. माझ्या मुलीला वरणभात घट्ट लागतो, दुपारी पाठ थोपटल्याशिवाय झोप येत नाही, हे त्यांना सांगावे लागत नाही. कुणाचा जास्त खोकला ऐकला की अकरा वाजताच फोन येतो.

त्यांच्याविरुद्ध तक्रार झाली. सकाळ-संध्याकाळ दारात दुचाक्या थांबतात आणि मुले रडतात, असे कारण. काकू संबंधित कार्यालयात गेल्या, तर वापर बदलाची परवानगी आणा म्हणाले. त्यासाठी घराचा मंजूर नकाशा हवा. नकाशासाठी प्लॉटचे आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचे पत्र हवे आणि ते अजून निघालेले नाही. नागपुरात गुंठेवारीतले, म्हणजे परवानगीशिवाय छोटे प्लॉट पाडून विकलेले शेकडो ले-आउट असेच आहेत. ते नियमित करण्यासाठी 2001 चा कायदा झाला, पुढे मुदत वाढवून 2020 अखेरपर्यंतचे ले-आउटही त्यात घेतले, तरी लोक आरएलसाठी चकरा मारतातच. म्हणजे पाळणाघर अयोग्य आहे म्हणून परवानगी मिळत नाही असे नाही. प्लॉटचे कागद अडले, म्हणून मुलांची सोय अडली.

राज्याची 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली नागपूरलाही लागू आहे. निवासी विभागात घराबरोबर बालवाडी, दवाखाना यांसारख्या वापरांना तिने जागा ठेवली आहे. कुठला वापर कुठे चालेल, हे बरेचसे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. साठ-सत्तर मुलांच्या आणि व्हॅन लावणाऱ्या नर्सरीसाठी ही अट अगदी रास्त आहे, तिथे मी तक्रारदारांच्या बाजूने उभी राहीन. पण आठ मुलांसाठी रस्त्याची रुंदी मोजण्याचे प्रयोजन काय? एकत्र कुटुंबाच्या घरात याहून जास्त मुले असायची.

यावर कुणी म्हणेल, कंपनीनेच पाळणाघर द्यावे. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभाही मिळाली. कायदा चांगलाच आहे. पण सीताबर्डीच्या दुकानात उभी राहणारी मुलगी, छोट्या नर्सिंग होममधली सिस्टर, घरोघरी स्वयंपाक करणारी बाई यांना त्याचा काय उपयोग? आणि विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पातल्या कंपनीत उत्तम पाळणाघर असले, तरी मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असताना वर्षाचे लेकरू दुचाकीवर पुढे उभे करून वर्धा रोडने नेणे कुठल्या आईला जमेल? केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांतही पाळणाघर कामाच्या ठिकाणी किंवा राहत्या वस्तीत, 500 मीटरच्या आत असावे असे म्हटले आहे. वस्तीत असले की आजोबा पायी जाऊन नातवाला घेऊन येऊ शकतात.

मला खरी चिंता वेगळीच आहे. पार्किंगवरून तक्रारी होतात, पण मुलांच्या सुरक्षेविषयी त्यांत एक ओळ नसते. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे जातात, लहान मुले जातात. लोखंडी बॉडी, खाली सांडलेले पाणी, अर्थिंगचा पत्ता नाही आणि जमिनीवर रांगणारे बाळ. पाळणाघरात पाऊल ठेवणाऱ्या तपासनीसाने सगळ्यात आधी हे पाहावे. वीजगळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र बसवले आहे का? अंगणातल्या पाण्याच्या टाकीला कुलूप लागणारे झाकण आहे का? खिडकीची ग्रिल आतून उघडते का? शेजारच्या भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागून 10 बाळे दगावली. तो तर सरकारी दवाखाना होता. 2016 मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीमुळेच उघडकीस आली. म्हणून नोंदणी हवीच, माणसांची पोलीस पडताळणी हवीच. नियमाशिवाय चालू द्या असे मी म्हणत नाही, आणि एक आई ते म्हणूही शकत नाही. पण सध्याच्या रेट्याने झाले तर काय होईल? जी दार उघडे ठेवून, नाव लावून मुले सांभाळते ती बंद करेल, आणि मुले बंद दारामागे, कुणी कधी पाहत नाही अशा खोलीत जातील.

मनपा आणि नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) यांना विनंती आहे की दहा-बारा मुलांपर्यंतचे, चालवणाऱ्या बाईच्या राहत्या घरातले, तळमजल्यावरचे पाळणाघर हा घराचाच वापर मानावा. त्याला वापर बदल नको, आरएलची अट नको, फक्त नोंदणी आणि वर्षातून दोन वेळा न सांगता तपासणी असावी. ती करायला महिला व बालविकास विभागाची व्यक्ती आणि विजेचे काम जाणणारा माणूस, दोघे बरोबर यावेत. शेजाऱ्यांचे ऐकून घ्यावे, वेळा ठरवून द्याव्यात, गाड्या कुठे थांबतील ते लिहून घ्यावे. मात्र एका शेजाऱ्याच्या सहीवर पाळणाघराचे भवितव्य टांगून ठेवू नये. अपार्टमेंटच्या ठरावांनाही हेच लागू असावे. आणि अशा नोंदणीकृत घराला मालमत्ता कर व वीजदर घरगुतीच ठेवावा. आठ मुलांच्या फीमध्ये दुकानाचा दर बसत नाही, आणि बसवला तर तो आम्हा आईबापांच्याच खिशातून जाईल.

आपली,
एक नोकरदार आई,
त्रिमूर्तीनगर, नागपूर