तुझ्या तक्त्यातला तिसरा आठवडा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा बारा आठवड्यांचा तक्ता मिळाला. रंग छान दिलेत. जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायचं ठरवलंस, तेही असं आखून, म्हणून बरं वाटलं. पण तिसऱ्या आठवड्यापाशी मी अडले. सोमवारी एन्कॅप्सुलेशन, मंगळवारी इनहेरिटन्स, बुधवारी पॉलिमॉर्फिझम, गुरुवारी ॲब्स्ट्रॅक्शन आणि शुक्रवारपासून पुढचा विषय. ऑब्जेक्ट जुळवून प्रोग्रॅम रचायच्या पद्धतीचे चार खांब, चार दिवसांत उभे! मुलाखतीत व्याख्या म्हणून दाखवायला एवढं पुरेल. प्रोग्रॅम लिहायला बसलीस की मात्र पहिला प्रश्न येतो, हे काम कुणी करायचं? कुठल्या क्लासने? (क्लास म्हणजे साचा, त्यातून बनतो तो ऑब्जेक्ट.) त्याचं उत्तर कुठल्याच व्याख्येत सापडत नाही. या एका प्रश्नासाठी मी तुझे पाच आठवडे मागणार आहे.

सुरुवातीचं आधी उरकते. पहिले तीन आठवडे व्हेरिएबल, अटी, लूप, ॲरे, मेथड (नाव देऊन ठेवलेलं एक काम). रोज दीड तास, आठवड्याचे सहा दिवस. जावाची २१ किंवा २५ ही आवृत्ती घे, दोन्हींना दीर्घकाळ देखभाल मिळते. जुने धडे २०१४ सालच्या आवृत्ती ८ वर बेतलेले असतील तरी चालतील, पाया तोच आहे. पहिले दहा दिवस साध्या एडिटरमध्ये लिही आणि कंपायलर (लिहिलेला कोड संगणकाला चालवता येईल असा बदलणारा प्रोग्रॅम) स्वतः हाताने चालव. कंपाइल होताना आलेली चूक वेगळी आणि चालताना आलेली वेगळी, हे एकदा डोळ्यांनी पाहिलंस की आयडीई (एडिटर, कंपायलर सगळं एकत्र असलेलं साधन) घ्यायला हरकत नाही. आणि थोडा खोडसाळपणाही कर. इंट या पूर्णांकाच्या प्रकारात मावणारा सर्वांत मोठा आकडा, २१४७४८३६४७, ठेव, त्यात एक मिळव आणि काय छापलं जातं ते बघ. चूक दाखवणारी एक ओळही येणार नाही, मुकाट्याने उणे आकडा येईल. अशा गप्प चुकाच पुढे रात्री जागवतात.

चौथ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत एकच प्रोग्रॅम: ग्रंथालय. रोज नवं उदाहरण घेऊ नकोस. कुत्रा भुंकतो, मांजर म्यांव करते, दोघं प्राणी, हे उदाहरण तुला शंभर ठिकाणी भेटेल आणि त्यातून काही शिकायला मिळणार नाही, कारण त्या प्राण्यांना कामच नसतं. ग्रंथालयाला काम असतं.

पुस्तक हा एक क्लास, सभासद हा दुसरा. इथवर कुणीही येतं. आता सांग, पुस्तक परत करायची तारीख कुठे ठेवशील? पुस्तकात ठेवलीस तर जे पुस्तक कपाटातच आहे त्याची तारीख काय? सभासदात ठेवलीस तर त्याने तीन पुस्तकं नेली असतील तेव्हा काय करशील? बहुतेक जण इथे पुस्तकात चार जादा फील्ड (माहितीचे कप्पे) कोंबतात आणि पुढे निघतात. तू थांब. खऱ्या ग्रंथालयात जा आणि काउंटरच्या वर काय लिहिलंय ते वाच: देवघेव. तोच तुझा तिसरा क्लास. कोणतं पुस्तक, कुणी नेलं, कधी नेलं, कधी परत यायचं, हे सगळं त्याचं. दंड किती झाला हेही त्यालाच विचारायचं, कारण तारखा त्याच्याकडे आहेत. ज्याच्याकडे माहिती, त्याच्याकडे काम. पाच आठवड्यांत एवढं एक हाडीमाशी मुरलं तरी मला पुष्कळ झालं.

यातलंच पुढचं. फील्ड प्रायव्हेट करायचं, म्हणजे बाहेरच्यांना बंद, हे तू शिकशीलच. मग आयडीईत एक बटण दाबलं की प्रत्येक फील्डला गेटर आणि सेटर, म्हणजे ते वाचायची आणि बदलायची मेथड, तयार. म्हणजे दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कुलपातच ठेवली. कुणीही बाहेरून येऊन परतीची तारीख बदलू शकत असेल तर ते प्रायव्हेट नावापुरतंच. त्याऐवजी ‘मुदत वाढव’ अशी मेथड लिही आणि पुस्तकाची दुसऱ्या कुणी मागणी केली असेल तर तिने नकार द्यावा. ही कल्पना जुनीच आहे. नॉर्वेत डाल आणि न्यूगोर यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा बनवली. खऱ्या जगातल्या प्रक्रियांची नक्कल संगणकावर चालवायची होती, त्यातून क्लास आणि ऑब्जेक्ट आले. पुढे स्मॉलटॉक भाषावाल्या ॲलन के यांनी तर या सगळ्याचं ‘ऑब्जेक्ट’ असं नाव पडल्याची खंत बोलून दाखवली. त्यांच्या मते खरी गोष्ट होती ऑब्जेक्टांनी एकमेकांना पाठवलेले निरोप. दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा नाही, त्याला सांगायचं.

सहावा आठवडा इनहेरिटन्सचा, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याचा वारसा घेण्याचा, आणि इथे मी जरा खडूस होणार आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका कामासाठी पाच पातळ्यांची क्लासांची उतरंड रचली होती. कागदावर देखणी दिसायची. सर्वांत वरच्या क्लासमध्ये एक ओळ बदलली की खालचे कुठले तरी दोन क्लास मोडायचे आणि कुठले ते आधी कळायचं नाही. पुढे तीच उतरंड मी आठ दिवस बसून सपाट केली.

तुझ्या ग्रंथालयात साधा सभासद आणि विद्यार्थी सभासद असे दोन प्रकार येतील. विद्यार्थ्याला मुदत जास्त, दंड कमी. हात शिवशिवतील, विद्यार्थी हा सभासदाचा उपक्लास करावा. करून बघ. मग त्या विद्यार्थ्याचं शिक्षण संपव. आता तो साधा सभासद झाला, पण एकदा बनलेल्या ऑब्जेक्टचा क्लास जावात बदलता येत नाही. नवा ऑब्जेक्ट बनवून जुन्याची सगळी देवघेव त्याच्या नावावर फिरवत बसशील. त्यापेक्षा ‘नियम’ नावाचा इंटरफेस (काय काय सांगता यायला हवं याची नुसती यादी) कर. किती दिवस ठेवायचं आणि दंड किती, एवढंच तो सांगेल. सभासदाकडे एक नियम असतो. शिक्षण संपलं, नियम बदलला, माणूस तोच राहिला. पॉलिमॉर्फिझमची (एकच प्रश्न, ज्याचं त्याचं वेगळं उत्तर) व्याख्या पाठ न करता तो तुझ्या हातात आला.

मोठ्यांचंही चुकतं, हेही याच आठवड्यात बघून घे. जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून स्टॅक नावाचा क्लास आहे. स्टॅक म्हणजे चळत: वर ठेवायचं, वरूनच काढायचं. पण तो व्हेक्टरचा (कुठेही घालता-काढता येणाऱ्या यादीचा) उपक्लास केल्यामुळे त्याच्या मधोमधही वस्तू खुपसता येते. आज जावाचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनच सांगतं की त्यापेक्षा डेक (दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारी रांग) वापरा. वारशात नको ती मालमत्ताही येते, ती अशी.

बाकीचं थोडक्यात. पाचव्यात इक्वल्स आणि हॅशकोड, म्हणजे दोन ऑब्जेक्ट सारखे कधी म्हणायचे ते ठरवणाऱ्या मेथड. दोन इंटिजर ऑब्जेक्टांत १२७ ठेवून दुहेरी बरोबरने (==) तुलना कर, मग दोन्हींत १२८ ठेवून कर. पहिल्यांदा सत्य, दुसऱ्यांदा असत्य. उणे १२८ ते १२७ पर्यंतचे ऑब्जेक्ट जावा तयार ठेवते आणि तेच पुन्हा पुन्हा देते. ऑब्जेक्ट असले की दुहेरी बरोबर किंमत बघत नाही, दोन्ही नावं एकाच ऑब्जेक्टची आहेत का ते बघतं. सातव्यात एक्सेप्शन (प्रोग्रॅम चालताना आलेली अडचण) आणि नल (‘इथे ऑब्जेक्टच नाही’ अशी खूण). १९६५ मध्ये नल आणणाऱ्या संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी २००९ मध्ये त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं, तेव्हा तुला नल पॉइंटर एक्सेप्शन आलं तर रडू नकोस. आठव्यात जेयुनिट (कोड आपोआप तपासणारं साधन), म्हणजे दंडाचा हिशेब दर वेळी हाताने तपासायला नको. मुदतीच्या शेवटच्या दिवशी परत केलं तर दंड शून्य, ही टेस्ट पहिली लिही. चुका अशा काठावर असतात.

नववा आणि दहावा कलेक्शन, जेनेरिक्स, फाइल, स्ट्रीम. तुझ्या तक्त्यात हे होतं तसंच राहू दे. अकराव्यात दुसऱ्या कुणाचा तरी दोन-तीनशे ओळींचा कोड वाच, वाचायचा फक्त. बाराव्यात ग्रंथालयाचं फोल्डर बाजूला ठेवून कोऱ्या फाइलपासून सगळं पुन्हा लिही, न बघता. जिथे अडशील तिथे तुझं शिकणं कच्चं आहे. दुसरी परीक्षा घ्यायची गरज नाही.

एआयबद्दल विचारलं होतंस. आठव्या आठवड्यापर्यंत त्याच्याकडून कोड लिहून घ्यायचा नाही. चूक दाखवणाऱ्या संदेशाचा अर्थ जरूर विचार. पण आधी वीस मिनिटं स्वतः झगड, आणि चूक कशाने झाली असा तुझा अंदाज वहीत लिहून मग विचार. अंदाज चुकला की ती गोष्ट जन्मभर लक्षात राहते. दर रविवारी सुट्टी. एखादा आठवडा हुकला तर तक्ता पुढे सरकव, दोन आठवडे एकात कोंबू नकोस. तुझा तो स्वभाव मला ठाऊक आहे, माझ्याकडूनच आलाय.

आता एक गृहपाठ, संगणकाला हात न लावता. ग्रंथालयात एका पुस्तकाच्या तीन प्रती आहेत. तिन्ही बाहेर गेल्यात. एक सभासद येऊन म्हणतो, माझी मागणी नोंदवून ठेवा. ही मागणी कशाची, पुस्तकाची की प्रतीची? आणि देवघेव होते ती कशाची? तुझ्या पुस्तक या क्लासचे इथे दोन तुकडे होतील असं मला वाटतं, पण तू चौकोन काढून बघ आणि कागदाचा फोटो पाठव. खाडाखोड असलेलाच पाठव, स्वच्छ करून नको.

तुझी,
आई