कीबोर्डची परीक्षा मराठीतून घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोबाइलच्या पर्यायी कीबोर्ड ॲपची तुलना करणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. जीबोर्ड, स्विफ्टकी, हेलिबोर्ड, एनीसॉफ्टकीबोर्ड ही नावं एका ठिकाणी वाचायला मिळाली हे बरंच झालं. एरवी फोनमध्ये जो कीबोर्ड आधीपासून असतो तोच बहुतेक जण शेवटपर्यंत वापरतात. पण लेखातली तुलना थीम, इमोजी, बोट घासत लिहिण्याची सोय आणि वेग एवढ्यावरच आटोपली. लेख मराठी, वाचक मराठी, आणि एकाही ॲपवर मराठीतलं एक वाक्य टाइप करून पाहिल्याचा उल्लेख नाही!

मी मुद्रितशोधक आहे. माझ्याकडे येणारा बराचसा मजकूर आता फोनवरच टाइप केलेला असतो, आणि चुका पाहून लेखकाने कोणत्या प्रकारचा कीबोर्ड वापरलाय याचा अंदाज येतो. ‘पीक’चं ‘पिक’, ‘मूल’चं ‘मुल’, ‘दीन’चा ‘दिन’ असे ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ पानोपानी असले, की समजावं, रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवणारं ॲप आहे. डी-आय-एन दाबल्यावर कोणता शब्द हवा हे ॲप अंदाजाने ठरवतं आणि घाईतला माणूस पहिलीच सूचना घेऊन पुढे सरकतो. याउलट ऱ्हस्व-दीर्घ ठीक, पण ‘दऱ्या’ हव्या तिथे ‘दर्या’ आलाय, तर माणूस देवनागरीच्या कळा थेट दाबत असणार. अनेक मांडण्यांत ‘ऱ’ हा ‘र’च्या कळीखाली दडलेला असतो. कळ दाबून धरली तरच तो वर येतो, आणि हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. विसर्गाचीही तीच गत. ‘अंतःकरण’मध्ये सर्रास अपूर्णविराम (:) असतो, कारण तो चटकन सापडतो. छापल्यावर फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही, पण शब्द शोधायला गेलं की सापडत नाही.

‘ॲ’ने तर मला सर्वात जास्त छळलं आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठीच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, स्वतंत्रपणे आलं ते २००८ साली. त्याआधी ‘अ’ काढून त्यावर चंद्र चढवायचा, आणि काही कीबोर्डांवर अजूनही तसंच करावं लागतं. दोन्ही दिसायला सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे. दोन लेखकांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकात मी ‘ॲ’ शोधते तेव्हा एकाची प्रकरणं सापडतात, दुसऱ्याची गायब! अशा वेळी लेखकाला तरी काय बोलणार? त्याने योग्य तेच अक्षर काढलेलं असतं.

आता वेगाबद्दल. २०१९ साली आल्टो, केंब्रिज आणि झ्युरिकच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ३७ हजारांवर लोकांचं फोनवरचं टायपिंग तपासलं होतं. सरासरी वेग मिनिटाला ३६ शब्दांच्या आसपास भरला. चूक आपोआप दुरुस्त होण्याचा लोकांना फायदा झाला, पण कीबोर्डच्या वरच्या पट्टीत सुचवलेले शब्द निवडत बसणाऱ्यांचा वेग वाढण्याऐवजी मंदावला. इंग्रजी लिहिणारा ती पट्टी खुशाल बंद करू शकतो. रोमनमधून मराठी लिहिणाऱ्याचं मात्र तिच्याशिवाय चालतच नाही. म्हणून इंग्रजीत वेगवान ठरलेला कीबोर्ड मराठीतही तसाच चालेल, हे गृहीत धरता येत नाही.

लेखात दोन नावं राहून गेली. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेल्या ‘स्वरचक्र’मध्ये व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती चक्र उघडतं. त्यात त्या व्यंजनाची स्वरचिन्हं लावलेली रूपं असतात, हवं त्याकडे बोट सरकवायचं. वेलांटी पहिली की दुसरी हे लिहिणारा स्वतः ठरवतो, ॲप नाही, आणि मला तेच भावतं. दुसरं नाव ‘इंडिक कीबोर्ड’चं. तो मुक्त स्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेला आहे. यात रोमनमधून लिहिता येतं आणि इनस्क्रिप्टही आहे. भारतीय लिप्यांसाठी १९८६ साली प्रमाण ठरलेली ही कळांची मांडणी संगणकावर शिकलेल्यांना फोनवर वेगळं काही शिकावं लागत नाही.

खासगीपणावर लेखात एकच ओळ आहे. माझ्या फोनवर अप्रसिद्ध मजकुरावरच्या शंका, लेखकांशी झालेला पत्रव्यवहार असं बरंच काही टाइप होतं, त्यामुळे मला ती ओळ पुरली नाही. अँड्रॉइडवर इंटरनेट वापरण्याची परवानगी ॲपला न विचारताच मिळते. कॅमेरा किंवा संपर्कांसाठी येते तशी चौकट तिथे येत नाही. आयफोनवर निदान ‘पूर्ण प्रवेश’ बंद ठेवला, तर बाहेरून घेतलेल्या कीबोर्ड ॲपला नेटवर्क मिळत नाही. २०१७ साली ‘एआय डॉट टाइप’ या कीबोर्डच्या तीन कोटींहून अधिक वापरकर्त्यांची माहिती पासवर्ड नसलेल्या डेटाबेसमध्ये उघडी पडली होती. २०२४ मध्ये टोरोंटोच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने नऊ कंपन्यांचे चिनी कीबोर्ड तपासले. आठ कंपन्यांच्या कीबोर्डांत टाइप केलेला मजकूर सर्व्हरकडे जाताना वाटेतच वाचता येईल अशा त्रुटी निघाल्या. तिथेही रोमनमधून दुसऱ्या लिपीत जाण्याचाच मामला होता, आणि शब्दांचे अंदाज सर्व्हरवरून मागवले जात होते. आपले कीबोर्ड असंच करतात असा माझा आरोप नाही. पण कोणता कीबोर्ड शब्द फोनमध्येच जुळवतो आणि कोणता बाहेर विचारतो, हा रकाना तुलनेच्या तक्त्यात हवा होता.

हेलिबोर्ड इंटरनेटची परवानगी मागतच नाही, म्हणून सध्या मी तो वापरते. बोट घासून लिहिण्याची सोय त्यात आयती मिळत नाही, वेगळी फाइल घालावी लागते. मला त्याची गरज नाही. ज्यांना आहे, त्यांनी जीबोर्ड वापरला तर मी नाक मुरडणार नाही.

लेखाच्या शेवटी ‘क्रमशः’ आहे. पुढच्या भागाआधी प्रत्येक ॲपवर ऱ्य, ऱ्ह, ॲ, विसर्ग आणि काही जोडाक्षरं असलेला एक उतारा टाइप करून पाहावा, आणि किती वेळ लागला यासोबत उताऱ्यात किती चुका राहिल्या तेही छापावं. उतारा मी तयार केला आहे. लेखकांना हवा असल्यास पाठवते.

आपली,
एक मुद्रितशोधक