हलकं रिव्हॉल्व्हर नवशिक्यांना सोपं, हे कुणी सांगितलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्वसंरक्षणासाठी आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर या विषयावर आपल्या पेपरात लेख आला, विषय चांगला होता, पण हे शस्त्र छोटं आणि हलकं असल्याने बायकांना, वयस्कर माणसांना आणि पहिल्यांदाच शस्त्र घेणाऱ्यांना सगळ्यात सोपं पडतं असं जे त्यात म्हटलंय ते मला अजिबात पटलं नाही. मी बरीच वर्षं नेमबाजी शिकवतोय आणि माझ्या मते गोष्ट नेमकी उलटी आहे. हे रिव्हॉल्व्हर जवळ बाळगायला सोपं आहे, पण ते चालवायला अवघड आहे, आणि जितकं हलकं घ्याल तितकं जास्त अवघड.

कारण साधं आहे. घोडा (काडतुसावर आपटणारा हातोडीसारखा भाग) आत लपलेलं, साधारण ४२५ ग्रॅमचं ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचं रिव्हॉल्व्हर घ्या, स्मिथ अँड वेसन कंपनीचं ६४२ मॉडेल याच वजनाचं आहे. त्याचा ट्रिगर दाबायला साधारण पाच-साडेपाच किलोचा जोर लागतो, म्हणजे शस्त्राच्या वजनाच्या दहापट जोर आपण एका बोटाने लावतो आणि तेवढ्या वेळात नळी हलू द्यायची नसते! त्यात नळी जेमतेम दोन इंचाची, नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर इतकं कमी की मनगट केसभर हललं तरी नेम चांगलाच चुकतो. मग गोळी सुटल्यावर धक्का बसतो, शस्त्र हलकं असल्यामुळे तो सगळा तळहातात येतो, आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीपर्यंत नवशिका माणूस आवाजाआधीच डोळे मिटायला लागतो. हे मी परत परत बघितलंय. त्यातले बरेच जण नंतर सरावालाच येत नाहीत, शस्त्र मात्र खिशात राहतं, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

लेखात इतिहास आला असता तरी हे लक्षात आलं असतं. कोल्ट कंपनीचं डिटेक्टिव्ह स्पेशल १९२७ मध्ये आलं ते सहा गोळ्यांचं, पोलादी, आणि ज्यांना रोज शस्त्र वापरायची सवय होती अशा साध्या वेशातल्या पोलिसांना डोळ्यासमोर ठेवून. स्मिथ अँड वेसनचं चीफ्स स्पेशल १९५० चं, पाच गोळ्यांचं, तेही आधी पोलादीच, साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. आता टायटॅनियम आणि स्कँडियमच्या मिश्रधातूमुळे सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅमपर्यंत मजल गेलीय आणि त्यात .३५७ मॅग्नम हे जास्त ताकदीचं काडतूस चालतं असं अभिमानाने सांगतात. चालतं हो, पण चालवणाऱ्याच्या हाताचं काय? इतक्या हलक्या शस्त्रात आणखी एक भानगड होते, धक्क्याने सिलिंडरमध्ये (काडतुसं भरायच्या फिरत्या भागात) उरलेल्या काडतुसांतली गोळी हळूहळू पुढे सरकते आणि शेवटी सिलिंडर अडकतं. म्हणून जे काडतूस कायम भरून ठेवणार त्याचे चार बार काढायचे आणि पाचवं बाहेर काढून नव्या काडतुसाशी लांबी ताडून बघायची. ही तपासणी फार कमी लोक करतात.

मला कुणी विचारलं तर मी पोलादी आणि .३८ स्पेशल या कमी ताकदीच्या काडतुसाचं सांगतो. शंभर-दीडशे ग्रॅम जास्त भरलं तर कमरेला फारसं जाणवत नाही, हाताला मात्र खूप फरक पडतो. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालतं, उलटं चालत नाही, कारण .३५७ चं काडतूस लांब असतं. दोन इंची नळीतून गोळीला वेग कमी मिळतो, त्यामुळे पोकळ टोकाच्या गोळ्या लागल्यावर जशा फुलायला हव्यात तशा कित्येकदा फुलत नाहीत, म्हणून बरेच जाणकार सपाट तोंडाची १४८ ग्रेन वजनाची (साधारण साडेनऊ ग्रॅमची) वॉडकटर गोळी पसंत करतात, धक्का कमी आणि नेम चांगला लागतो. ताकदीचं काडतूस घेऊन गोळी चुकण्यापेक्षा हे केव्हाही बरं. ट्रिगरच्या बाबतीत रुगर कंपनीच्या एलसीआर रिव्हॉल्व्हरचं कौतुक करायला पाहिजे, २००९ मध्ये आलं आणि त्याचा ट्रिगर खरंच मऊ लागतो, पण तेही हलकंच आहे त्यामुळे धक्का आहेच.

घोडा आत असलेलं घ्यावं की बाहेर? माझं मत ठाम आहे, आत. १९५२ मध्ये स्मिथ अँड वेसनने कंपनीला शंभर वर्षं झाली म्हणून सेंटेनियल काढलं ते याच कल्पनेवर, खिशातून काढताना कापडात अडकायला काही नकोच. बाहेरचा घोडा मागे ओढून हलक्या ट्रिगरने नेम धरायची सोय असते खरी, पण घाबरलेल्या माणसाच्या हातात ओढलेला घोडा म्हणजे अपघाताला आमंत्रण.

जवळ कसं बाळगायचं यावर लेखात दोनच ओळी होत्या आणि हा तर सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. नुसतं खिशात टाकायचं नाही, कधीच नाही. ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर, म्हणजे शस्त्राचं म्यान, हवं, खिशातलं असलं तरी, आणि त्या खिशात दुसरं काही म्हणजे काहीच नको, किल्ली नको, पेन नको, सुटे पैसे नकोत, कारण ट्रिगरच्या कड्यात काय शिरेल सांगता येत नाही. पूर्वी कोल्टमधल्या फिट्झजेराल्ड नावाच्या गृहस्थांनी बोट पटकन जावं म्हणून ट्रिगरच्या कड्याचा पुढचा भागच कापलेली रिव्हॉल्व्हरं केली होती, त्यांचे फोटो बघून हौशी लोक आजही तसं करायला बघतात, कृपा करून करू नका, ते कडं तुमच्याच जिवासाठी आहे. पर्समध्ये ठेवायचं तर वेगळा, बंद होणारा कप्पा पाहिजे आणि पर्स हातावेगळी करायची नाही, कारण पर्स खेचली गेली की शस्त्रही गेलं, आणि खुर्चीवर राहिलेल्या पर्सपर्यंत लहान मुलाचा हात पोचतोच. घोट्याला बांधायचा प्रकार बसलेल्या माणसाला ठीक, उभ्या माणसाला वाकावं लागतं. कमरेला, कपड्याच्या आत, रोज एकाच जागी, हे मला सगळ्यात बरं वाटतं.

घाम आणि खिशातला धुरळा यांनी ही शस्त्रं खराब होतात तेव्हा अधूनमधून रिकामं करून, पुसून, सिलिंडर नीट फिरतंय का ते बघायचं. पकडीबद्दलही एक सांगतो, पिस्तुलाची सवय असलेले लोक दुसऱ्या हाताचा अंगठा पुढे सरकवतात, रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून तापलेला गॅस जोरात बाहेर येतो, तिथे बोट असेल तर भाजतं, फाटतं.

आणि सराव. पाच गोळ्या संपल्या की पुढे काय, हे कुणी शिकतच नाही. आखूड नळीमुळे झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या बाहेर ढकलायचा दांडाही आखूड असतो, त्यामुळे नळी वर करून दांड्यावर तळहाताने एक जोरदार फटका मारायचा, हळूहळू ढकललं तर एखादी पुंगळी आतच अडकते. हे रिकाम्या शस्त्रावर, डमी काडतुसं घालून, घरी करता येतं, पण त्या खोलीत खरी काडतुसं असता कामा नयेत. खऱ्या गोळ्यांचा सराव तीन ते सात मीटरवर करा, आधी हळू, आणि पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडायला लागल्यावरच वेग वाढवा.

आपण ज्या देशात राहतो तिथला परवान्याचा आणि स्वसंरक्षणाचा कायदा शस्त्र घ्यायच्या आधी वाचलेला असावा, आणि जवळ नसेल तेव्हा ते कुलूपबंद पेटीत असावं. माझी आपल्याला विनंती आहे की पुढच्या वेळी असा लेख छापताना एखाद्या प्रशिक्षकाकडून तपासून घ्या, आणि ज्यांनी तो लेख वाचून सगळ्यात हलकं मॉडेल घ्यायचं ठरवलं असेल त्यांनी आधी रेंजवर जाऊन एक हलकं आणि एक पोलादी, दोन्हीतून पाच-पाच गोळ्या झाडून बघाव्यात आणि मगच निवडावं.

आपला,
एक नेमबाजी प्रशिक्षक